वारुणी शांत

वाढदिवस हा पाहुणा मोठा चमत्कारिक आहे. बालपणी आपण त्याची वाट पाहत उंबऱ्यावर बसतो. तारुण्यात तो येऊन गेल्याचे दुसऱ्या दिवशी ध्यानात येते. आणि पन्नाशी उलटल्यावर मात्र तो दाराची कडी अशी खडखडवतो, की ‘घरात नाही’ म्हणून सांगण्याची सोय उरत नाही. गेल्या श्रावणात तो माझ्याकडे पंचावन्नाव्यांदा आला. विद्यार्थ्यांनी हार घातला. सहकाऱ्यांनी ‘आता पाचच वर्षे राहिली’ असे सांगून अभिनंदन केले की सांत्वन, ते मला समजले नाही. आणि घरी पत्नीने पंचांग पुढे ठेवून वारुणी शांत करण्याचा बेत जाहीर केला.

आपल्या शास्त्रकारांनी मनुष्याच्या उतरत्या वयाचे टप्पे मोठ्या सावधपणाने आखून ठेवले आहेत. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांत, पंचावन्नाव्या वर्षी वारुणी, साठाव्या वर्षी उग्ररथ. आणि मनुष्य त्याहीपुढे चिवटपणे चालत राहिलाच, तर सहस्रचंद्रदर्शन. माझ्या वाट्याला आला तो वरुण, म्हणजे पाण्याचा आणि समुद्राचा अधिपती. असल्या विधींवरची माझी श्रद्धा बेताचीच आहे. तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवून मनुष्य नास्तिक होत नसला, तरी आळशी आस्तिक खास होतो. पण वरुणाचे नाव ऐकताच माझे मन एका ओल्या, हिरव्या जागी जाऊन उभे राहिले. मी पत्नीला म्हटले, “वरुणाची पूजा करायची, तर आधी त्याच्या घरी जाऊन येतो. राधानगरीला.”

दीर्घ परिचयाने शहाणी झालेली ती बाई एवढेच म्हणाली, “या जाऊन. गुरुजींना पुढच्या आठवड्यात बोलावते. आणि दादांना माझा नमस्कार सांगा. दोन वर्षं झाली तुम्ही गेला नाहीत.”

राधानगरी हे माझे जन्मगाव. कोल्हापुरापासून सुमारे पंचावन्न किलोमीटर. म्हणजे माझ्या वयाच्या प्रत्येक वर्षाला एक. एवढा जवळचा रस्ता मला दोन दोन वर्षे लांब का वाटावा, याचे कारण माझा ग्रंथ. मराठी निबंधाचा एक साद्यंत इतिहास लिहिण्याचे मी पस्तिसाव्या वर्षी मनात घेतले. वीस वर्षांत त्याची नऊ प्रकरणे झाली. दहावे अपुरे आहे. तो पुरा झाला की मी मोकळा होणार होतो. मग गावाकडे महिनाभर राहणार होतो, आणि मग दादाला समुद्र दाखवणार होतो.

मिल्टनला तेविसाव्या वर्षाच्या सुमारास आपले आयुष्य हातून निसटल्याची हळहळ वाटली आणि त्याने तीवर एक सुनीत लिहिले. ते सुनीत मी दरवर्षी वर्गात शिकवतो. त्यातील हळहळ मला कधी शिवली नाही. मला त्याच कवीच्या चरित्रातून एक सबब तेवढी सापडली. त्याचे महाकाव्य १६६७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. म्हणजे मला अजून तीन वर्षे होतीच! विद्वत्तेचा हा एक मोठा उपयोग आहे. प्रत्येक दिरंगाईला तिच्यात थोरामोठ्यांचा दाखला मिळतो.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो अकरावीत होता आणि वर्गात पहिला होता. त्याने शाळा सोडली. दोन एकर भातशेती, दोन म्हशी, आई आणि मी एवढा प्रपंच त्याने एका पावसाळ्यात अंगावर घेतला. मला पुढे कोल्हापुरास धाडले ते त्यानेच. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिच्यातील एका वसतिगृहात मला जागा मिळाली. दर महिन्याला दादा एसटीने येई, तुपाचा डबा आणि थोडे पैसे ठेवून त्याच गाडीने परत जाई. मी प्राध्यापक झालो, तेव्हा पहिल्या पगाराच्या दिवशी त्याला विचारले, “तुला काय आणू?” तो म्हणाला, “आणू नगंस काय. एकडाव समिंदर दाव.” दाजीपूरवरून फोंडा घाट उतरला की कोकण, आमच्या गावापासून समुद्र अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी म्हटले, “एवढेच ना? सुटी लागू दे.” या गोष्टीला यंदा तीस वर्षे झाली.

असे हे ओझे मनाशी घेऊन मी परिते, भोगावती मागे टाकीत राधानगरीस पोहोचलो. उसाची हिरवीगार शेते संपून भातखाचरे लागली. पावसाची झड अखंड चालू होती. दादा घरी नव्हता; वहिनी म्हणाल्या, “भावजी, धरणाचं दरवाजं उघडल्यात. त्ये बघाय गेल्यात. दरसाल जात्यात.” मीही तिकडे वळलो.

धरण गावापासून जवळच, फेजिवड्याला भोगावती नदीवर आहे. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. लक्ष्मी तलावातील पाण्याची पातळी ३४७.५० फुटांस पोहोचली की पाण्याच्याच दाबाने एकेक दरवाजा उघडतो, आणि पातळी उतरली की आपोआप मिटतो. कोणी चाक फिरवीत नाही, कोणी हुकूम देत नाही. कोल्हापुरात ही बातमी येते तेव्हा नदीकाठच्या लोकांच्या छातीत धडधड होते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तर ते वर्तमानपत्रातील दरवाज्यांचा आकडा तिथीसारखा पाहतात. उगमाकडच्या आमच्या गावात मात्र दरवाजे उघडणे हा एक सणच असतो.

दादा घोंगडीची खोळ पांघरून कठड्याशी उभा होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिले, जणू मी सकाळीच घरातून निघून आलो होतो असा हसला, आणि म्हणाला, “पाच उघडल्यात. दोन ऱ्हायल्यात.”

पाण्याच्या गर्जनेत बोलणे शक्य नव्हते. तेव्हा मी त्या भिंतीकडे पाहत राहिलो आणि लहानपणी मास्तरांनी सांगितलेली तिची हकीकत आठवू लागलो. शाहू महाराजांनी या धरणाची योजना १९०७ साली आखली. रानात नवी वसाहत केली आणि आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या नावावरून तिला राधानगरी म्हटले. भिंत चढू लागली. पण पैसा अपुरा पडला आणि १९१८ साली काम थांबले. महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत निवर्तले, तेव्हा धरण अर्धवटच होते. पुढे त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत काम पुन्हा सुरू झाले. १९४० साली तेही गेले. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर, ज्यांना महाराजांनी कधी पाहिलेही नव्हते अशा माणसांच्या हातून.

ही हकीकत मी शेकडो वेळा सांगितली असेल; पण वयाचा हिशेब कधी केला नव्हता. महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. म्हणजे मृत्युसमयी त्यांना अठ्ठेचाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. वैष्णवी नाही, वारुणी नाही. शास्त्रकारांच्या यादीतील पहिल्या टप्प्यापर्यंतही हा मनुष्य पोहोचला नाही. मी त्याच्याहून सात वर्षे अधिक जगून त्याच्या भिंतीवर उभा होतो.

आणि मला दुसरीही एक गोष्ट उमगली. ती भिंत अपुरी होती, तेव्हाही तिच्यामागे पाणी साठत होतेच. जेवढी उंची तेवढे पाणी. भिंत पुरी होईपर्यंत थांबा, असे कोणी नदीला सांगितले नव्हते. मी मात्र माझ्या आयुष्याला तेच सांगत आलो होतो. एम. ए. होऊ दे, मग. घर होऊ दे, मग. ग्रंथ होऊ दे, मग. जणू जिव्हाळा ही एखादी इमारत आहे आणि तिचा कळस बसल्यावाचून तिच्यात कोणाला राहायला बोलावता येत नाही! खरे सांगायचे, तर ग्रंथ ही केवळ सबब होती. मनुष्याला ऋण फेडायचे नसते असे नाही. ते पुरते फेडता येईल अशा थाटाच्या दिवसाची तो वाट पाहतो, कारण थोडे थोडे फेडण्यात त्याला कमीपणा वाटतो. दादाला मला मोटारीने न्यायचे होते, चांगल्या ठिकाणी उतरवायचे होते, नव्या ग्रंथाची प्रत त्याच्या हाती द्यायची होती. त्याने मागितला होता फक्त समुद्र.

संध्याकाळी घरी आलो. वहिनींनी पाटाभोवती रांगोळी काढून ओवाळले. जेवणे झाल्यावर दादा गव्यांविषयी बोलू लागला. १९५८ साली दाजीपूरचे रान गव्यांसाठी राखीव झाले. ते गवे रात्री उतरून भात तुडवून जातात. पण त्यांच्याविषयी तो खोडकर मुलांविषयी बोलावे तसे बोलत होता. मी बळ एकवटून मध्येच म्हटले, “दादा, उद्या आपण समुद्रावर जाऊ.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आरं, त्यो तर मी बगून आलो की.”

“कधी?”

“झाली बारा-तेरा वर्सं. तुझी वैनी आन् मी. एस्टीनं देवगडला गेलो, घटकाभर बसलो, आन् आलो माघारी.”

“मला बोलला नाहीस.”

“तू कामात. आन् बोललो असतो तर तुला उगं वंगाळ वाटलं असतं.” एवढे सांगून त्याने देव्हाऱ्याकडे बोट केले. “त्यो शिपला तितलाच हाय न्हवं का.”

देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या उजव्या अंगाला, एक मोठा पांढरा शिंपला आहे. त्यात वहिनी फुले ठेवतात. बारा वर्षे मी त्या घरी गेलो की त्या देव्हाऱ्यापुढे हात जोडीत होतो आणि तो शिंपला पाहत होतो. डोंगरातल्या घरात तो कोठून आला, हे विचारावे असे मला एकदाही वाटले नाही. वाङ्मयातील प्रतीके शोधण्याचा ज्याचा धंदा, त्याला आपल्या भावाच्या देव्हाऱ्यातील एक शिंपला वाचता आला नाही!

वाचकांना वाटेल की मला त्या वेळी पश्चात्ताप झाला असेल. झाला, पण त्याहून अधिक एक विचित्र भीती वाटली. मी ज्याला देणे लागत होतो, त्याने ते देणे माझ्यावाचून भागवून घेतले होते, आणि वर मला कळू न देण्याची काळजीही घेतली होती. आपण ज्यांच्यासाठी पुढे कधी तरी काही करणार असतो, ती माणसे आपल्यासाठी थांबून राहिलेली नसतात. ती आपापला समुद्र पाहून येतात. राहून जातो तो आपण. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मला कळलेले शहाणपण एवढेच आहे, आणि ते फारसे भूषणावह नाही.

रात्री पावसाचा आवाज ऐकत पडलो असता मनात आले, की अजूनही एक गोष्ट शिल्लक आहे. समुद्र दाखवण्याचा माझा अधिकार गेला. मागण्याचा गेलेला नाही. अंधारातच हाक मारली, “दादा, जागा आहेस?”

“हां.”

“तू बसला होतास ती जागा मला दाखवशील?”

खाट करकरली. तो उठून बसला असावा. तीस वर्षांपूर्वी तुपाचा डबा माझ्या खोलीत ठेवताना त्याच्या आवाजात जो उत्साह असे, तोच मला पुन्हा ऐकू आला. “दावतो की! पर पाटंचं उठाय लागंल. म्हशीचं श्येजाऱ्याला सांगतो. आन् मोटार नगं. घाटात तुला चालवाय जमायचं न्हाई. एस्टीनंच जाऊ.”

आम्ही एसटीनेच गेलो. फोंडा घाट धुक्यात उतरलो. तिकिटे दादाने काढली. मी खिशात हात घातला तेव्हा त्याने नुसते पाहिले, आणि मी हात बाहेर काढला. देवगडला पाऊस उघडला होता. किनाऱ्यावरच्या एका खडकापाशी त्याने मला नेले, त्यावर हात फिरवून वाळू झटकली आणि बसवले. समुद्र खवळलेला, गढूळ, श्रावणातला. पाहण्यासारखा म्हणावा असा मुळीच नव्हता. आम्ही तासभर बसलो. काही बोललो नाही.

कोल्हापुरास परतल्यावर पत्नीने विचारले, “गुरुजींना कोणता वार सांगू?” मी म्हटले, “सांग, की शांत झाली.” ती माझ्या पायांकडे पाहू लागली. चपलांना वाळू लागलेली होती. तिने पुढे काही विचारले नाही. यादीतला नारळ तेवढा देवापुढे ठेवला.

ग्रंथाचे दहावे प्रकरण अजून अपुरेच आहे. पण झालेली नऊ मी छापावयास दिली आहेत.