बोटीवर काय नेसू, काय घालू?

बालमित्रांनो, परीक्षेच्या दिवशी तुमच्या बाई फळ्यावर एक वाक्य हमखास लिहितात. कोणतं बरं? बरोबर! 'प्रश्न नीट वाचा.' मीही लिहिते. बारा वर्षं लिहीत आले आहे. आणि तरीही २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मीच प्रश्न नीट वाचला नाही. त्या पेपरात मला किती गुण मिळाले ते शेवटी सांगते. आधी गोष्ट ऐका.

आमच्या घरात आम्ही पाच जण. मी, हे, माझ्या सासूबाई, पाचवीतले आमचे चिरंजीव आणि पहिलीतली छकुली. आम्ही राहतो सातारा जिल्ह्यात. त्यामुळे समुद्र म्हणजे आमच्या मुलांना नकाशातला निळा रंग! दोन वर्षं भिशी लावून आम्ही पैसे साठवले आणि मोठ्या बोटीची सहल ठरवली. मुंबई ते गोवा आणि परत मुंबई. तीन रात्री बोटीवर, मध्ये एक दिवस गोव्यात. अशा सहलीला हल्ली 'क्रूझ' म्हणतात.

सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल? सासूबाईंना! त्यांना मी आईच म्हणते. त्यांचं माहेर देवगडचं. १९६० च्या दशकात त्या लहान होत्या, तेव्हा त्यांचे वडील मुंबईला गिरणीत कामाला होते. मे महिन्यात सगळं घर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचं. बोट देवगडपाशी समुद्रातच थांबायची आणि माणसं पडावात उतरून किनाऱ्याला लागायची. पावसाळा आला की बोट बंद. रेल्वे तर तेव्हा कोकणात नव्हतीच. ह्या गोष्टी आई इतक्या रंगवून सांगायच्या, की आमची छकुली जेवणाच्या पाटालाच पडाव म्हणायची.

आता आमच्या बॅगांची गंमत. आम्हांला सहलीच्या माहितीचा एक कागद मिळाला होता. त्यात कपड्यांविषयी जेमतेम दोन-तीन ओळी होत्या. रात्री जेवायला नीटनेटके कपडे घाला. हाफ पँट, बनियन आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या रबरी चपला नकोत. एका संध्याकाळी ठेवणीतले कपडे घातलेत तर छान. बस्स, एवढंच.

पण मी ते वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आले सिनेमातले कोटवाले साहेब आणि झगमगत्या मडमा! मग काय विचारता? शेजारच्या काकूंकडून चिरंजीवांसाठी कोट आणि टाय मागून आणला. ह्यांचा लग्नातला कोट उन्हात टाकला. स्वतःसाठी एक पायघोळ झगा घेतला, आणि त्यावर चालतील अशा उंच टाचांच्या चपला. आणि आईंना म्हणाले, "आई, तिथे नऊवारी बरी दिसणार नाही. तुम्हांला दोन पंजाबी ड्रेस शिवून घेऊ."

आई नुसत्या "बरं" म्हणाल्या. ट्रंकेतून काढून ठेवलेलं हिरवं लुगडं त्यांनी पुन्हा घडी घालून बाजूला ठेवलं. मला ते दिसलं. पण मी टाय शोधण्यात गुंतले होते.

अशा रीतीने पाच माणसं आणि सात बॅगा मुंबईला बॅलार्ड पियरला पोचल्या. तिथे पहिला धडा मिळाला. बोटीवर मोठ्या बॅगा आपण उचलून न्यायच्या नसतात. त्यांना आपल्या खोलीच्या नंबराची चिठ्ठी लावतात, त्या तपासणीला जातात आणि काही तासांनी आपल्या खोलीच्या दारात येतात. आम्ही बोटीवर चढलो दुपारी. वर पोहण्याचा तलाव! शेकडो पोरं त्यात डुंबतायत! आणि आमच्या पोरांचे पोहण्याचे कपडे कुठे? मोठ्या बॅगेत! चिरंजीव म्हणाले, "आई, मी चड्डी-बनियनवर उतरतो." पण तलावात सुती कपड्यांना बंदी असते. सुताचे तंतू सुटून पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात ना! शिवाय सुती कापड खूप पाणी पितं आणि जड होतं. नायलॉन किंवा लायक्रा पाणी कमी पितं आणि लवकर वाळतं. दोघंही सूर्य मावळेपर्यंत काठावर पाय सोडून बसली.

दुसरा धडा वाऱ्याचा. बोटीचा वेग 'नॉट'मध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. बोट पंधरा नॉटने चालली असेल तर किती झाले? करा गुणाकार! ताशी जवळजवळ २८ किलोमीटर. म्हणजे हवा अगदी स्तब्ध असली, तरी डेकवर उभं राहिलं की मोटारसायकलवर बसल्यासारखा वारा लागतो. समोरून खरा वारा आला तर आणखी जोर. माझ्या नव्या टोपीला नाडी नव्हती. मुंबईचे दिवे दिसेनासे व्हायच्या आत समुद्राने ती दक्षिणा म्हणून घेतली! ओढण्या, पदर, झगे सगळे फडफडत होते. एक हात कठड्याला आणि एक हात कपड्यांना, अशी सगळ्या बायकांची कसरत.

बाहेर वारा, तर आत थंडी. जेवणघर, नाटकाचं सभागृह, खोल्या सगळीकडे वातानुकूलन. छकुली कुडकुडायला लागली. गोव्याला जाताना स्वेटर कशाला, म्हणून मी एकही स्वेटर घेतला नव्हता. आईंची शाल तेवढी होती. ती दोन दिवस छकुलीच्याच अंगावर राहिली.

तिसरा धडा इस्त्रीचा. मी प्रवासातली छोटी इस्त्री नेली होती. ती तपासणीतच काढून घेतली आणि परत येताना दिली. मला आधी राग आला. मग कारण कळलं. बोटीवर सगळ्यांत मोठी भीती आगीची. भर समुद्रात अग्निशामक बंब कुठून बोलावणार? म्हणून गरम होणाऱ्या वस्तूंना मनाई. ह्यांचे चार कडक इस्त्रीचे सुती सदरे बॅगेत चुरगळले ते चुरगळलेच.

आता येते दुसरी रात्र, ठेवणीतल्या कपड्यांची. मी झगा घातला, ह्यांनी कोट. चिरंजीवांचा उसना कोट दंडात इतका घट्ट, की त्यांचा हात तोंडापर्यंत जाईना! समोर आवडीची जिलबी. पण दोन घास खाल्ले आणि डोळ्यांत पाणी. म्हणाला, "आई, मी असाच का नाही येऊ शकत?" मी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं. वडिलांचा साधा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आईची सुती साडी, मुलाचा कॉलरचा टी-शर्ट. सगळे स्वच्छ, नीटनेटके आणि मजेत जेवत होते. वाढणारे दादा हळूच चिरंजीवांना म्हणाले, "बेटा, कोट काढला तरी चालतो बरं का." कोट निघाला आणि जिलबीही संपली.

पण पाचवी खुर्ची रिकामी होती. आई जेवायलाच आल्या नव्हत्या. "बोट लागतेय," म्हणून खोलीत पडून राहिल्या होत्या.

मी त्यांच्यासाठी ताकभात घेऊन खोलीत गेले. पाहते तो खोली रिकामी! पलंगावर पंजाबी ड्रेस नीट घडी करून ठेवलेला. माझ्या पोटात धस्स झालं. धावत डेकवर आले. उंच टाचांमुळे ओल्या फरशीवर दोनदा घसरले. शेवटी चपला हातात घेतल्या.

आई कठड्यापाशी उभ्या होत्या. अंगावर तेच हिरवं लुगडं. बॅगेच्या तळाशी घालून आणलं होतं त्यांनी. कासोटा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, पायात रोजच्या चपला. सगळा डेक फडफडत होता, पण आई मात्र देवळातल्या समईसारख्या स्थिर! बोटीवरचे एक खलाशी दादा तिथून चालले होते. आईंनी त्यांना विचारलं, "तू खंयचो रे?" ते हसून म्हणाले, "मालवणचो, आजी." "मग सांग बघू, देवगड खंयच्या अंगाक?" त्या दादांनी पूर्वेच्या अंधाराकडे हात केला. आई तिकडे बघत राहिल्या. तिथे अंधारच होता. पण आईंना काय दिसत होतं, ते त्यांनाच ठाऊक.

मी जवळ जाऊन विचारलं, "आई, बोट लागत होती ना?"

आई म्हणाल्या, "बोट नव्हती गं लागली. त्या कपड्यांत मीच मला ओळखू येत नव्हते. अशी चार माणसांत कशी बसू?"

मुलांनो, वर्गात कुणी कुणाला लागेलसं बोललं, तर मी काय करायला सांगते? माफी मागायला. आणि सबब न सांगता मागायला. त्या रात्री डेकवर मी ती मागितली. सोपी नसते हो! आई म्हणाल्या, "ताकभात आणलायस ना? मग आण इकडे." आम्ही दोघी डेकवरच बसलो आणि छकुली आजीच्या शालीत गुरफटून आमच्यामध्ये.

मग मी खोलीत येऊन तो माहितीचा कागद पुन्हा वाचला. हाफ पँट नको, बनियन नको, रबरी चपला नकोत. नऊवारी नको, असं कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही. नीटनेटके या. बस्स! तो 'नको' माझा होता, कागदाचा नव्हता. प्रश्न नीट न वाचता मी भलतंच उत्तर लिहिलं होतं, आणि त्याचे गुण कापले गेले होते आईंचे. तिसऱ्या रात्री आई त्याच लुगड्यात जेवायला आल्या. कुणी वळून पाहिलं का? पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या त्या बाई आईंना नमस्कार करायला उठल्या.

आता तुमच्या कामाचं. तुमच्या घरचं कुणी अशा सहलीला निघालं, तर हा भाग आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा.

हातातल्या पिशवीत: ओळखपत्रं, रोजची औषधं, पोहण्याचे कपडे आणि प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड. मोठी बॅग उशिरा आली तरी अडत नाही. ज्याला गाडी लागते त्याला बोटही लागू शकते. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारून गोळ्या घ्या. आलेपाकाची वडीही असू द्या.

दिवसा: सैल, हलके, न चुरगळणारे कपडे. नाडीची टोपी. पाण्यावरून ऊन परतून अंगावर येतं, म्हणून पूर्ण बाह्या बऱ्या. पायात न घसरणाऱ्या तळव्याच्या चपला किंवा बूट.

संध्याकाळी: घरी पाहुणे येणार असतील तेव्हा घालता तसे स्वच्छ कपडे. ठेवणीतला एकच जोड पुरतो, आणि तो आपला असावा. उसना असेल तर निदान हात वर जातो का ते घरीच पाहा!

थंडीसाठी: प्रत्येकाला एक पातळ स्वेटर किंवा शाल.

गोव्यात उतरताना: चालायला बरे असे बूट, आणि खांदे-गुडघे झाकतील असे कपडे. जुन्या गोव्याचं बॉम जेझुसचं चर्च असो की मंगेशीचं देऊळ, दोन्हीकडे साधेपणाने जायचं असतं.

आणि संख्या? आमच्या सात बॅगांपैकी चार उघडल्याच नाहीत. तीन रात्रींसाठी माणशी चार जोड भरपूर झाले. बोटीवर खोली लहान असते. सामान पलंगाखाली मावायला हवं.

राहिले माझे गुण. परत आल्यावर चिरंजीवांनी माझा पेपर तपासला. दहापैकी तीन! "आणि शेरा?" मी विचारलं. त्याने लाल पेनाने लिहिलं, 'प्रश्न नीट वाचा.' मग जरा विचार करून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'माफी मागितली म्हणून एक गुण जास्त.'

म्हणजे चार. पास व्हायला पुरतात ना?