स्पंजातली जिवाणी

काचेची टाकी आमच्या भालकीच्या घरी आली ती धाकट्याच्या हट्टापायी. सासूबाईंना ती कधीच पटली नाही. "जीव कोंडून ठेवणं म्हणजे बंध. अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे गं तो," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण आलेले दोन गोल्डफिश आता सोडायचे तरी कुठं?

त्या दिवाळीला मी पितळेची भांडी घासावीत तशी टाकी घासली. खडे नळाखाली धुतले, फिल्टरचा स्पंज पिळून गच्चीवर उन्हात वाळवला. सगळं कसं लखलखीत! पाचव्या दिवशी एक मासा वर तोंड काढून धापा टाकू लागला, सकाळपर्यंत गेला. दुसरा कसाबसा वाचला. सामायिकाला बसले तर मन लागेना. जीव माझ्या हातून गेला होता, तोही स्वच्छतेच्या नावाखाली.

मग वाचत बसले. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून अमोनिया सुटतो, आणि तो त्यांनाच विष. एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. विनोग्रादस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. पाण्यात ते थोडेच असतात. त्यांची खरी वस्ती स्पंजावर, खड्यांवर, त्या तपकिरी बुळबुळीत थरात. मी घाण म्हणून धुतली ती हीच. नळातलं क्लोरीन त्यांना मारतं, वाळवलं तरी मरतात. वाढतातही फार सावकाश. नवी वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो.

आळंदला माहेरी आजी विहिरीचं पाणी गाळायची. गाळण्यावरची जिवाणी त्याच पाण्यानं अलगद धुऊन त्याच विहिरीत सोडायची. दुसऱ्या पाण्यात नाही हं! मला हे लहानपणापासून ठाऊक, आणि टाकीपाशी मात्र आठवलं नाही.

गेल्या वर्षी कलबुर्गीला बिऱ्हाड हललं. या वेळी स्पंज टाकीच्याच पाण्यात दोनदा हलका दाबला, बस्स. तो आणि खडे जुन्या पाण्याच्या बादलीत, मासा दुसऱ्या बादलीत, दोन्हींत बॅटरीवरच्या पंपाचे बुडबुडे, कारण प्राणवायू माशाला लागतो तसा या जीवाणूंनाही. हुमनाबाद गेलं, कमलापूरला तांबडी केळी घ्यायची यांची हौस, मी गाडी थांबू दिली नाही. पोचल्यावर भांड्यांची पोती तशीच ठेवून आधी टाकी लावली. निम्मं पाणी जुनं. उरलेलं नळाचं, पण शेजारणीकडं आदल्या दिवसापासून उघडं भरून ठेवलेलं.

पहिला आठवडा खाणं चिमूटभरच. त्यावर सासूबाई, "अन्नपाननिरोध! हाही अतिचारच." रोज अमोनिया तपासायची पट्टी बुडवायची, आणि रंग बदलला नाही ना हे त्याच आधी चष्मा लावून बघायच्या. दहाव्या दिवशी पट्टी पिवळीच होती. त्यांनी स्वतःच्या हातानं दोन दाणे जास्त टाकले.