तुपाची वाटी आणि साखळी

नव्या लोखंडी साखळीला एक तेलकट वास असतो, हात धुतले तरी मागे राहणारा. वेळापुरासारख्या गावच्या बाजारात दावी, कासरे, मोरक्या आणि म्हशीच्या गळ्यातल्या घंटा टांगलेल्या असतात. त्या रांगेच्या टोकाला करंगळीएवढ्या कड्यांची एक साखळी लोंबत असते. ती कोणासाठी, हे विचारावं लागत नाही. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाच्या पोटाला मात्र दुधाचा, उबेचा, किंचित आंबूस वास येतो. हे दोन वास एकाच अंगणात आले की जीव कळवळतो. कारण पिल्लू घरी आणल्याच्या पहिल्याच संध्याकाळी साखळी गळ्यात पडते, रात्रभर ते केकाटतं आणि घरातले म्हणतात, होईल सवय. सवय होतेच. ती कशाची होते, हा खरा प्रश्न आहे.

कुत्र्याची शाळा फार लवकर भरते आणि फार लवकर सुटते. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं कुत्र्यांच्या वाढीचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ 1965 साली निघाला. त्याआधी, 1961 साली, तिथलाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. कुंपण घातलेल्या मोकळ्या रानात पिल्लं माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली. त्यातली काही ठरावीक वयात आठवडाभर माणसांत आणली, काहींना चौदा आठवडे माणूस भेटूच दिला नाही. ही शेवटची पिल्लं पुढे रानटी जनावरासारखी बिचकत राहिली. म्हणजे साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं, हुंगतं, ऐकतं, ते त्याच्या लेखी आपलं होतं. जे या काळात भेटलं नाही, त्याची पुढे भीती वाटते. आणि नेमके हेच आठवडे आपण त्याला चार हात साखळीच्या वर्तुळात काढायला लावतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. राखणीचं कुत्रं तिखटच हवं, लाडावलं तर चोराच्याही पायाशी लोळेल. हा आक्षेप शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या माणसाचा आहे, त्याची गरज खरी आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पण त्याचं उत्तर माळशिरसच्या माळावर मेंढरांमागे चालताना दिसतं. धनगराच्या वाड्यावरचं पिल्लू कोकरांच्या अंगाला अंग लावून वाढतं. घोडं, कोंबड्या, पोरंबाळं, सगळ्यांच्या पायात घोटाळतं. मोठं झाल्यावर तेच कुत्रं रात्री लांडग्याची चाहूल लागताच उठतं, आणि कोकराला दातही लावत नाही. आपलं कोण हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय परकं कोण हे कळणार कसं? बांधून भेदरवलेल्या कुत्र्याला पाहुणा, पोस्टमन आणि चोर सारखेच. डेन्व्हर शहरातल्या चावऱ्या कुत्र्यांचा एक अभ्यास 1994 साली छापून आला. न चावणाऱ्यांच्या तुलनेत चावणारी कुत्री अंगणात साखळीला बांधलेली असण्याचं प्रमाण त्यात जवळजवळ तिप्पट निघालं. चावरी होती म्हणूनच बांधली असतील, असं कोणी म्हणेल. काहींच्या बाबतीत तसं असेलही. तरी बांधल्याने चावरेपणा गेला नाही, एवढं त्यातून दिसतंच.

     

मग बांधायचं नाही, तर शिकवायचं कसं? इथे नामदेवांची गोष्ट आठवते. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. कीर्तनात ही गोष्ट सर्वांभूती देव दाखवायला सांगतात. मला मात्र तिच्यातला हात दिसतो. कुत्र्यामागे धावणाऱ्या माणसाच्या हातात काठी असायची, इथे वाटी आहे. पिल्लू शिकवण्याची सगळी रीत या फरकात आहे. झोपेतून उठलं, खाऊन झालं की पिल्लू नाक जमिनीला लावतं, एका जागी गोल फिरतं, मागचे पाय किंचित दुमडतं. तेवढ्यात त्याला उचलून अंगणाच्या कडेला न्यावं, गप्प उभं राहावं, आणि काम होताक्षणी भाकरीचा कुस्करा तोंडाशी धरावा. होताक्षणीच, कारण अर्ध्या मिनिटाने दिलेल्या घासाचा अर्थ त्याला लागत नाही. घरात मुतलं म्हणून त्यात नाक घासण्याची आपल्याकडची जुनी शिक्षा याच कारणाने वाया जाते. पिल्लाला चूक कळत नाही, आपला हात तेवढा वाईट आहे हे कळतं. मग तोच हात लस टोचताना, जखम धुताना त्याला धरू लागला की ते दात दाखवतं.

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या तोंडून येतो आणि तो जास्त वजनाचा आहे. लसी पुऱ्या झाल्याशिवाय पिल्लू बाहेर काढू नका, पार्वो होईल. पार्वो खरोखर दोन-तीन दिवसांत पिल्लू नेतो. पण सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, असं करत सोळावा आठवडा उजाडतो, तोवर शाळा सुटलेली असते. मार्ग मधला आहे. पहिली लस होऊन आठवडा गेला की पिल्लू जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन जग दाखवावं. तीन महिन्यांना रेबीजची लस चुकवू नये. संशयित पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्यांत सुमारे 40 टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगणात पिल्लाशी खेळणारीही तीच.

आणि जग दाखवायचं तर वेळापुराइतकं कोणाच्या दारात येतं! आषाढी एकादशीच्या चारेक दिवस आधी माउलींची पालखी मुक्कामाला येते. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून अजूनही वारकरी इथल्या उतारावर धावा करतात. चैत्र अमावास्येच्या सुमारास जन्मलेलं पिल्लू तेव्हा साडेनऊ आठवड्यांचं असतं. त्या गर्दीत त्याला नेऊ नये, ते घाबरून जाईल. रस्त्यापासून लांब, आतल्या एखाद्या ओट्यावर बसावं, टाळमृदंग नुसता कानावर येईल इतक्या अंतरावर. पिल्लाचे कान आधी मागे पडतात, अंग आखडतं, शेपूट पोटाशी जाते. तेव्हा काही बोलू नये. मुठीतला भाकरीचा तुकडा पुढे करावा. तो हुंगेपर्यंत एक दिंडी जाते. दुसरी येते तोवर त्याने जीभ लावलेली असते, आणि तिसरीला ते मान वळवून आवाजाकडे बघतं.