‘विद्यार्थी-खेळाडू’ : समास कोणता?



दर वर्षी एक-दोन पालक आमच्या कक्षात येऊन विचारतात, “सर, मुलगा बास्केटबॉल छान खेळतो. अमेरिकेत म्हणे खेळावर फी, राहणे, जेवण सगळे मिळते?” मिळते. तेथील मोठी विद्यापीठे चांगल्या खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देतात. परंतु या देण्याघेण्याची दुसरी बाजूही पालकांना ठाऊक असावी, म्हणून हे चार शब्द.

बास्केटबॉल हा मुळात मास्तराने काढलेला खेळ. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या व्यायामशिक्षकाने, थंडीत मुलांना आतल्या हॉलमध्ये गुंतवून ठेवावे म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून तो सुरू केला. त्याच खेळाच्या विद्यापीठ स्पर्धेचे प्रक्षेपण-हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरला विकले गेले, आणि २०१६ मध्ये आणखी ८ वर्षांसाठी ८.८ अब्ज डॉलरला. विकणारी संस्था एनसीएए, म्हणजे तेथील महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था. प्रशिक्षकांचे पगार असे की अनेक राज्यांत सर्वांत मोठा पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो.

खेळणाऱ्या मुलाला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्यास मनाई होती. कारण तो ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’, विद्यार्थी-खेळाडू. हा शब्द १९५० च्या दशकात एनसीएएने घडवला. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील एका कॉलेजचा फुटबॉल खेळाडू सामन्यातील इजेने मरण पावला. त्याच्या विधवेने कामगाराच्या नियमाने भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडूंना कोणी नोकर ठरवू नये, या भीतीपोटी हा शब्द घडवला, असे एनसीएएचे अनेक वर्षांचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे १९९५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. समास शिकवताना आमचे पंडितजी प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारीत, “प्रधान पद कौन-सा?” विद्यार्थी-खेळाडू हा कागदावर द्वंद्व समास आहे, दोन्ही पदे सारखी. व्यवहारात तो तत्पुरुष झाला. पुढचे पद प्रधान, पहिले नावापुरते.

आता भ्रष्टाचाराकडे येऊ. बूट बनवणाऱ्या कंपन्या विद्यापीठांशी करार करतात आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे उन्हाळी संघही पोसतात. एखादा गुणी मुलगा दिसला की कंपनीला तो आपल्या बुटात हवा असतो, दलालाला उद्याचे गिऱ्हाईक म्हणून हवा असतो, प्रशिक्षकाला संघात हवा असतो. उघडपणे पैसे देता येत नव्हते, मग ते घरच्यांच्या हातात जात. २६ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय सरकारी वकिलांनी दहा जणांवर कारवाई जाहीर केली. त्यांत ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या चार विद्यापीठांचे सहायक प्रशिक्षक होते. लुईव्हिल विद्यापीठात यावा म्हणून एका मुलाच्या कुटुंबाला एक लाख डॉलर देण्याचे ठरले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये आदिदास कंपनीच्या एका अधिकाऱ्यासह तिघे दोषी ठरले. सरकारी पक्षाचे म्हणणे असे की फसवणूक झाली ती विद्यापीठांची! आणि तो मुलगा? त्याला पुढे कोणत्याही विद्यापीठाकडून एकही सामना खेळता आला नाही.

खेळाडूंना पैसे देऊ नयेत म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार हा की त्यांना शिक्षण मिळते, तोच त्यांचा मोबदला. शिक्षकी पेशातल्या माणसाला हे ऐकायला गोड वाटते. पण मोबदला खरोखर पोहोचला का? नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील एका विभागात अठरा वर्षे असे वर्ग चालले, ज्यांत प्राध्यापक नाही, तास नाही. शेवटी एक निबंध द्यायचा आणि तो कार्यालयातल्या बाईंनी तपासून भरघोस गुण द्यायचे. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थी या वर्गांतून गेले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. त्या अटकांना महिना व्हायच्या आत, ऑक्टोबर २०१७ मध्ये, एनसीएएने याचा निकाल दिला. हे वर्ग सर्वच विद्यार्थ्यांना खुले होते, तेव्हा यात खेळाडूंना वेगळा लाभ झाला असे म्हणता येत नाही, म्हणून शिक्षा नाही. पोलीस वेगळे, नियामक संस्था वेगळी, हे आम्ही जाणतो. तरी मुलाच्या घरी पैसे पोहोचवले तर बेडी आणि मुलाचे शिक्षण काढून घेतले तर काहीच नाही, हा हिशेब आमच्या पचनी पडत नाही.

पुढे वारे फिरले. २०२१ च्या जूनमध्ये ऑल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व छायाचित्रावर जाहिरातीतून कमावण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने आणखी एक तडजोड मंजूर केली : जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत थेट देण्याची मुभा. आमच्या मते हे योग्यच झाले. ज्याच्या घामावर सगळ्यांची चूल पेटते त्याला वाटा नको म्हणणे हा कसला आदर्शवाद? (निकालानंतर आपल्याच गावातले शिकवणी वर्गांचे फलक पाहा. मोठे छायाचित्र मुलाचे, धंदा कोणाचा?)

पण पहिले पद तसेच दुबळे राहिले. २०२४ पासून अभ्यासाची किमान अट पाळणाऱ्या खेळाडूला दर वर्षी विद्यापीठ बदलून लगेच खेळता येते. जिकडे रक्कम मोठी तिकडे मुलगा जातो. चार वर्षांत तीन विद्यापीठे बदललेल्या मुलाची पदवी कोणाच्या जबाबदारीवर पुरी व्हायची? तिकडे पाठवण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी रकमेआधी हे विचारावे : दिवसाला सराव किती तास, प्रवासात बुडालेले वर्ग कोण भरून देतो, आणि मुलगा जायबंदी झाला तर शिष्यवृत्ती टिकते का?

आपल्या शाळेचे संघही विभागीय सामन्यांसाठी आठ-आठ दिवस बाहेर असतात. खेळाडूंच्या बुडालेल्या तासांची वही आजवर क्रीडाशिक्षकांकडे असे. या सत्रापासून ती वर्गशिक्षकांकडे राहील, आणि परतल्यावर पंधरा दिवसांत ते धडे शाळा सुटल्यावर घेतले जातील. पालकांनी महिन्यातून एकदा येऊन वही पाहावी व सही करावी. विश्वस्त मंडळाने या जादा तासांच्या मानधनाची तरतूद करावी, अशी विनंती आम्ही लेखी दिली आहे.