लुंबिनीच्या वाटेवरची अडचण

आम्ही दोघे आणि माझे दीर-जाऊ असे चौघेजण २०२३ च्या दिवाळीनंतर वसमतहून दोन मोटारसायकलींवर लुंबिनीला जाऊन आलो. आल्यापासून विहारात, नळावर, लग्नकार्यात जो तो विचारतो. पुरुष विचारतात, गाडीने ॲव्हरेज किती दिले, नेपाळात आपले लायसन चालते का, पोलीस अडवतात का. बाया सगळ्यांसमोर विचारतात, मायादेवीचे मंदिर कसे आहे, थंडी किती होती. मग जरा बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारतात, "बाई, वाटंत जायची सोय कशी केली वो?" हा दुसरा प्रश्न मला आजवर वीस-पंचवीस जणींनी तरी विचारला असेल. इतक्या जणींना जे विचारायचे आहे ते पेपरातच लिहून टाकते. ज्यांना वाचायची लाज वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावे.

वसमत ते लुंबिनी हा रस्ता जवळजवळ १४०० किलोमीटरचा. वारंगा फाटा, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूर. तिथून शिवनी, जबलपूर, कटनी, रीवा, मिर्झापूर करीत वाराणसी आणि सारनाथ. मग गोरखपूर, तिथून वाकडी वाट करून कुशीनगर, आणि शेवटी सोनौलीच्या हद्दीतून नेपाळ. घरात दोन गाड्या होत्या, हळदीचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, आणि यात्रा कंपनीच्या बसचे माणशी पैसे आम्हा चौघांना परवडणारे नव्हते. म्हणून गाड्या काढल्या.

निघताना सासूबाईंनी एकच गोष्ट कानात सांगितली. "वाटंत पाणी पिऊ नका, चहाला तर शिवूबी नका." हे त्यांचे अनुभवाचे बोल. तरुणपणी त्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ट्रकमधून नागपूरला जात. ट्रकमध्ये पन्नास-साठ माणसे, निम्म्या बाया, मांडीवर लेकरे. ट्रक थांबे तो ड्रायव्हरच्या मर्जीने, आणि थांबला की पुरुष चाकाआड उभे राहात. बायांनी अंधार पडायची वाट बघायची. सकाळी घरून निघताना अर्धा तांब्या पाणी प्यायचे ते रात्रीपर्यंत पुरवायचे, अशी ती रीत. दीक्षाभूमीला डोके टेकताना बायांच्या ओटीपोटात कळा येत असत, हे कोणी कुठे लिहिलेले मी वाचले नाही.

१९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेल्या लहानग्या भीमरावाला मसूर स्टेशनापासून पुढे बैलगाडीच्या वाटेवर रात्रभर कुणी पाणी दिले नाही, ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळली. आपल्या घराघरांतून ती लेकरांना सांगितली जाते. तहानेबद्दल बोलायला आपण बाबासाहेबांकडून शिकलो. प्यालेले पाणी पुढे कुठे जायचे, याबद्दल मात्र आपल्या बाया अजून कुजबुजतात.

सासूबाईंचे ऐकून माझ्या जावेने पहिले दोन दिवस खरोखर पाण्याला तोंड लावले नाही. ती मुळातच लाजाळू. मी "थांबायचं का?" म्हटले की मान हलवून नाही म्हणायची. जबलपूर सोडल्यावर तिला जळजळ सुरू झाली, रीवा येईतो अंगात ताप आणि कमरेत कळ. एका दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, त्यांनी लघवी तपासायला लावली आणि औषध लिहून दिले. मग माझ्याकडे बघून हिंदीत समजावले, ते मला आजही पाठ आहे. पाणी कमी प्यालो की लघवी दाट होते आणि तुंबून राहते. तुंबलेल्या डबक्यात जसे किडे होतात तसे पिशवीत जंतू वाढतात. बाईच्या शरीरात बाहेरून पिशवीपर्यंतची वाट पुरुषापेक्षा फार आखूड असते, म्हणून जंतू आत लवकर पोचतात. तिथून ते वर मूत्रपिंडापर्यंत चढले तर थंडी वाजून ताप येतो, आणि दुर्लक्ष केले तर मूत्रपिंड कायमचे दुखावते. गोळ्या चालू केल्यावर दोन दिवसांत बरे वाटते, तरी पूर्ण संपवायच्या. आणि भरपूर पाणी. जाऊ म्हणाली, "मंग जायचं कुठं?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वो तो मेरे पास आनेवाली हर औरत पूछती है."

त्या गावात आम्ही एक दिवस जास्त राहिलो. त्या रात्री ठरले की दर दोन तासांनी गाड्या थांबणार, कुणाला गरज असो वा नसो. हा नियम चौघांना लागू केला, म्हणजे मागायची लाज राहात नाही. हे फार उपयोगी पडले. ज्या घरातले पुरुष "आत्ताच तर थांबलो होतो" असे म्हणतात, तिथे तर हा नियम निघायच्या आधीच बोलून घ्यावा.

आता थांबायचे कुठे ते सांगते. पहिली पसंती पेट्रोल पंपाला. पेट्रोल घ्या अगर घेऊ नका, हवा, प्यायचे पाणी आणि संडास-मुतारी फुकट देणे पंपवाल्याचे काम आहे, आणि तक्रारीचे पुस्तक ठेवणेही. हे आमच्या ह्यांना माहीत होते, मला नव्हते. प्रत्यक्षात 'महिला' लिहिलेल्या दाराला कुलूप असते. नळीवाल्या पोराला विचारले तर तो "बंद आहे" म्हणतो, कारण किल्ली त्याच्याकडे नसतेच. सरळ आत मॅनेजरच्या टेबलाशी जावे आणि मोठ्याने, चारचौघांत किल्ली मागावी. हळू मागितली तर मिळत नाही. एका ठिकाणी कुलूप उघडले तर आत ऑईलचे डबे आणि तुटकी खुर्ची रचून ठेवलेली! मॅनेजरच ओशाळला. त्याने पोरांना डबे काढायला लावले, आम्ही दोघी उभ्या राहिलो, आणि मागून कारमधून आलेल्या दोन बायकाही येऊन आमच्या मागे उभ्या राहिल्या.

जिथे पंप नाही तिथे दोन गाड्या कामी आल्या. रस्त्यापासून आत, एखाद्या मोरीजवळ किंवा बांधाच्या आडोशाला दोन्ही गाड्या समोरासमोर चार-पाच हात अंतरावर लावायच्या, दोन्हींच्या आरशांना जुने गडद रंगाचे लुगडे बांधायचे. दोन माणसांनी पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. एकीने आधी काठीने गवत बडवून घ्यायचे. जुने लुगडे म्हणते, कारण ओढणी वाऱ्याने उडते आणि तिच्यातून दिसतेही. गाडीवर साडी नको, सलवार आणि गुडघ्याखालपर्यंतचा कुडता बरा. बसताना तोच आडोसा होतो. पाण्याची एक बाटली धुण्यासाठी वेगळी, तिला लाल दोरा बांधलेला. साबणाची वडी डबीत. सुटे पाच-दहा रुपये वरच्या खिशात, कारण सुलभ शौचालयावर सुट्ट्यावरूनच भांडण होते.

नागपूर-शिवनी रस्त्यावर पेंचचे जंगल लागते. तिथे थांबता येत नाही, थांबूही नये. वन्यप्राण्यांना इकडून तिकडे जाता यावे म्हणून तो महामार्ग ठिकठिकाणी उंच उचलून खालून वाटा सोडल्या आहेत. वाघा-हरणांची सोय बघितली याचा मला आनंदच झाला. पण गाडीच्या मागे पाय आवळून बसलेल्या बाईला त्या वाटा बघून काय वाटते, ते तिलाच ठाऊक.

आमच्या दोन्ही गाड्यांना निळे झेंडे होते. पुढे एका ढाब्यावर आम्ही जेवलो, पैसे दिले आणि संडासाचे विचारले. मालकाने झेंड्याकडे बघितले आणि म्हणाला, खराब झालाय, बंद आहे. आम्ही गाड्या काढेपर्यंत एक जीप आली, तिच्यातल्या बायकांना त्यानेच मागची वाट दाखवली. दीर भांडायला निघाले होते, मीच अडवले; जावेला अजून ताप होता आणि ऊन चढत होते. तिथून सात-आठ किलोमीटरवर एका पंपावर गेलो. तिथे झाडणारी बाई झेंडा बघून झाडू खाली ठेवून पुढे आली आणि "जय भीम, बहनजी" म्हणाली. तिने स्वतः दार उघडले, बादली भरून दिली. मग म्हणाली, एक काम करना, पानी पूरा डालना, सब लोग छोड़ के जाते हैं.

त्या बाईचे बोलणे मला लागून राहिले. प्रवासात घाण दिसली की आपण नाक दाबून सरकारला बोल लावतो. पण ती घाण काढणारे हात कुणाचे असतात? हाताने मैला उचलायला लावण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा २०१३ साली अधिक कडक झाला, तरी गटारात उतरून माणसे मरतात आणि ती कोणत्या वस्तीतली असतात ते आपल्याला ठाऊक आहे. संडासात एक बादली पाणी न टाकता निघून येणारा माणूस हे काम कुणासाठी तरी राखून ठेवतो.

सारनाथला पोचलो त्या दिवशी माझी पाळी आली. बरोबरच्या एका धर्मशाळेतल्या बाईने विचारले, मग तुम्ही स्तूपाजवळ जाणार नाही ना? मी म्हटले, आमच्या धम्मात विटाळ नाही, आणि धमेक स्तूपाला प्रदक्षिणा घातली. अडचण निराळीच होती. वापरलेली घडी टाकायला कुठेच झाकणाचा डबा नाही. जुने वर्तमानपत्र आणि एक काळी पिशवी बरोबर होती, ती तीन दिवस गाडीच्या डिकीत वागवली.

सोनौलीला गाडीचा भन्सार, म्हणजे जकातीचा परवाना, काढावा लागतो. रांगेत उभे राहायचे काम पुरुषांवर सोपवून आम्ही दोघी सोय शोधायला गेलो. नेपाळीत संडासाला चर्पी म्हणतात, हा एक शब्द तेवढा पाठ करून जावा. आपले शंभर रुपये म्हणजे तिकडचे एकशे साठ, तेव्हा सुटे तिकडचेच घ्यावेत. चर्पी आपल्यासारखीच, उकिडवे बसायची, बादली आणि मग ठेवलेली. परदेश असूनही परके वाटले नाही. नेपाळने ३० सप्टेंबर २०१९ रोजी आपला देश उघड्यावर शौचापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले आणि दोनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, आपल्याकडे खेड्यापाड्यांपुरते तेच जाहीर झाले. दोन्ही देशांतून गाडीने गेलेली बाई म्हणून सांगते, पहाटेच्या वेळी दोन्हीकडे रस्त्याकडेला डबे घेतलेली माणसे मी बघितली.

लुंबिनीत अशोकाचा स्तंभ आहे, मायादेवी मंदिर आहे, आणि कालव्याच्या एका बाजूला थेरवादी आणि दुसऱ्या बाजूला महायानी देशांचे विहार आहेत. त्यांतल्या एका परदेशी विहारात आम्ही उतरलो. संडासाबाहेर रबरी चपलांची रांग होती. आपली चप्पल बाहेर काढायची, ती घालून आत जायचे. आत स्वच्छ कोरडी फरशी. आणि सकाळी ती फरशी घासत होते एक भिक्खू, साठीच्या पुढचे. जावेने पटकन पुढे होऊन खराटा मागितला, तर त्यांनी हसून मान हलवली.

संध्याकाळी तिथे हिंदी जाणणारे एक भंतेजी भेटले, त्यांना मी धीर करून विचारले. त्यांनी विनयपिटकातल्या चुल्लवग्गातली हकीकत सांगितली. ब्राह्मण कुळातून आलेला एक भिक्खू शौचानंतर धूत नसे. असल्या घाणीला हात कोण लावणार, असे त्याला वाटे. त्याची गोष्ट तथागतांच्या कानावर गेली आणि पाणी असताना धुतलेच पाहिजे असा नियम झाला. दुसरी गोष्ट याहून मला आवडली. भिक्खू शौचाला ज्येष्ठतेने जात. नवा भिक्खू आधी येऊन थांबलेला असला तरी वडीलधारा आला की त्याने मागे सरायचे. असे दाबून धरता धरता नवे भिक्खू मूर्च्छा येऊन पडले. तेव्हा तथागतांनी सांगितले की इथे ज्येष्ठता चालणार नाही, जो आधी आला तो आधी जाईल. बाहेर उभे राहून खाकरायचे, आत असलेल्यानेही खाकरून उत्तर द्यायचे. चीवर बाहेर दांडीवर ठेवायचे. जागा घाण दिसली तर धुवायची, धुण्याच्या भांड्यात पाणी नसेल तर भरून ठेवायचे. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणी या गोष्टीला हलकी म्हणून टाळली नाही. जाऊ सगळे ऐकत होती. खोलीवर आल्यावर म्हणाली, "ताई, मूर्च्छा येऊन पडले म्हनजे पुरुषालाबी व्हतंय की असं."

परत आल्यावर वर्षावास आला. आमच्या वस्तीतल्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. श्रोत्यांत तीन हिश्श्यांपैकी दोन हिस्से बाया. विहाराला संगमरवरी फरशी आहे, लाऊडस्पीकर आहे, मोठी मूर्ती आहे, संडास नाही. वाचन चालू असताना म्हाताऱ्या उठून घरी जातात त्या परत येत नाहीत, आणि आपण म्हणतो बायांचे लक्ष लागत नाही. जावेने, त्याच लाजाळू जावेने, पौर्णिमेच्या बैठकीत उभे राहून हा विषय काढला. पुरुष खाली बघू लागले. एकाने विहाराच्या पावित्र्याचा मुद्दा काढला, तेव्हा तिने चुल्लवग्ग सांगितले.

वर्गणी दोन महिन्यांत जमली, खड्डा खणून झाला, पत्र्याचे दार बसले, आतून कडी आणि पिशवी अडकवायला खिळा. साफसफाईला माणूस ठेवायचा की कसे, यावर मात्र तीन बैठका भांडण झाले. शेवटी घरक्रमाने पाळी लावली आहे, आणि त्या पाळीत घरातल्या पुरुषाचे नाव लिहायचे असे ठरले. यादी विहाराच्या दारामागे चिकटवली आहे. पहिल्या रविवारी माझ्या दिरांचे नाव होते, दुसऱ्या रविवारी पावित्र्याचा मुद्दा काढणाऱ्यांचे. ते आले होते, उशिरा आले, पण खराटा घरून घेऊन आले.