शिरूर ते दौंड, व्हाया बॉनेट

वीकएण्ड आला की अख्खं पुणं लोणावळ्याकडे पळतं. माझी गाडी १६ वर्षांची. घाट म्हटला की तिच्या पोटात गोळा येतो. म्हणून आम्ही दोघी उलट्या दिशेला निघतो. नगर रोडने शिरूर आणि तिथून खाली दौंड. सपाट रस्ता, ऊस, दोन नद्या आणि मुख्य म्हणजे हातात पाना धरता येणारी माणसं. जुन्या गाडीवाल्यांनी व्ह्यू बघण्याआधी हे बघावं, असा माझा साधा फंडा आहे.

पहिली परीक्षा वाघोलीच्या ट्रॅफिकची. तिथे टेम्परेचरचा काटा जागेवर राहिला की शिक्रापूर, रांजणगाव निवांत. रांजणगावला महागणपतीचं दर्शन घ्या, तेवढीच इंजिनला विश्रांती. इथल्या एमआयडीसीत मोटारी बनवणारा कारखानाच आहे, त्यामुळे हायवेवर टायरवाले, ऑटो इलेक्ट्रिशियन सहज सापडतात. पुढे घोड नदीकाठचं शिरूर. जुनी माणसं अजूनही गावाला ‘घोडनदी’च म्हणतात.

खरी मजा इथून पुढे. न्हावरे, मग पारगावला भीमा ओलांडून केडगाव-चौफुला. मागच्या एप्रिलमध्ये भर दुपारी न्हावऱ्याच्या पुढे काटा वर चढायला लागला. एसी बंद केला, हीटर फुल्ल लावला. उन्हात ही शिक्षाच, पण इंजिनची थोडी उष्णता तरी त्यातून बाहेर पडते. पहिल्या झाडाखाली गाडी घेतली. बॉनेटमधून वाफ! शेतातले एक काका ट्रॅक्टर सोडून आले. म्हणाले, “ताई, झाकणाला हात लावू नका, तोंड भाजंल.”

अर्धा तास आम्ही नुसत्या गप्पा मारल्या. मग त्यांनी रेडिएटरचा पाईप तपासला. टोकाला चिरला होता. चिरलेला तुकडा कापला, उरलेला पाईप ओढून बसवला आणि पंपाच्या पाईपची एक जुनी क्लिप आवळली. बोअरचं पाणी भरलं. “दौंडपतुर जाईल. तिथं नवा टाका.” गेली की!

या पट्ट्यात पंप बंद पडला तर पीक वाळतं. म्हणून इथल्या माणसाला इंजिनाची भीती वाटत नाही, आणि साध्या जुन्या गाडीचं त्याच्याशी चटकन जमतं. सेन्सरवाल्या नव्या गाडीला मात्र इथे बहुतेक वेळा स्कॅनर नाहीतर टोइंगच लागतं.

एक काळजी घ्याच. उसाच्या सीझनमध्ये, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, अंधार पडल्यावर हा रस्ता टाळा. कित्येक ट्रॉल्यांना मागे लाईट नसतो. अडकलातच तर गाडी डांबराखाली उतरवा, मागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा आणि सगळे गाडीबाहेर, रस्त्यापासून लांब उभे राहा. सोलापूर हायवेला असाल तर १०३३, कुठेही असाल तर ११२. डिकीत ५ लिटर पाणी, दोन क्लिपा, जादा फॅन बेल्ट, जम्पर केबल आणि टॉर्च हवाच.

चौफुल्याला चहा घेऊन पाटसवरून दौंड. मनमाडची लाईन १८७८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासूनचं हे जंक्शन. हाच माझा प्लॅन बी. गाडी गॅरेजमध्ये, मी पुण्याच्या ट्रेनमध्ये, सोमवारी ऑफिस वेळेवर.

“विकून टाक ना,” असं ऑफिसात रोज कुणीतरी म्हणतं. १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, वर पर्यावरण कर. मी हिशोब वहीत लिहून ठेवलाय. वर्षाचं रिपेअरिंग नव्या गाडीच्या चार हप्त्यांच्या आत असेल, तर गाडी राहील. पण ब्रेक किंवा स्टिअरिंगने दुसऱ्यांदा दगा दिला, तर चर्चा नाही, गाडी जाईल. वाफेवर काकांकडे इलाज आहे. ब्रेकवर रस्त्यात कुणाकडेच नाही.