गिअरबॉक्सचा दाब आणि एक कर्जाचा अर्ज

आपल्या वस्त्यांमधून गाडी चालवून पोट भरणारी माणसे पूर्वीपासून पुष्कळ. कोणी एस.टी.वर, कोणी शेठच्या बंगल्यावर, कोणी टॅक्सीवर. आता त्यांतले काहीजण स्वतःची जुनी गाडी घेऊन धंदा करू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जुन्या गाडीबरोबर तिची जुनी दुखणीही घरात येतात. त्यातून गाडी ऑटोमॅटिक गिअरची असली, तर दुखणे नेमके कोणते हे सांगणारा माणूस सापडत नाही; भलेमोठे बिल सांगणारे मात्र पुष्कळ सापडतात.

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालेलो असल्याने जमाखर्च कळतो, यंत्रातले काही कळत नव्हते. पण वस्तीतल्या पतसंस्थेचे मानद खजिनदार म्हणून कर्जाचे अर्ज आमच्याकडे येतात. असाच एक अर्ज आला. सभासद ड्रायव्हर, स्टेशन ते विमानतळ अशा फेऱ्या मारणारे. त्यांनी घेतलेली सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी प्रत्येक गिअरला जोराचा झटका देऊ लागली होती. एका गॅरेजने, त्याचे नाव येथे नको, "गिअरबॉक्स गेला, पूर्ण बदला" असे सांगून एक लाख चाळीस हजारांचे कोटेशन दिले होते. वहिनींनी गळ्यातले मोडायची तयारी केली होती, तरी रक्कम पुरत नव्हती. मुलगी बारावीला. गाडी उभी, म्हणजे घर उभे.

आम्ही कोटेशन उलटसुलट पाहिले. "गिअरबॉक्स खराब" एवढेच लिहिलेले. काय खराब, कशावरून ठरवले, काही मोजले का? सभासदांच्या घामाचा पैसा एवढ्या दोन शब्दांवर द्यायचा कसा? आमच्या गल्लीतला एक मुलगा आय.टी.आय. करून सहा वर्षे शारजाच्या एका गॅरेजात राबून आला आहे. त्याला बोलावले. तो म्हणाला, "काका, आधी लाइन प्रेशर बघू. त्याशिवाय मी काहीच बोलणार नाही."

वाचकहो, हे लाइन प्रेशर म्हणजे काय ते आम्हाला समजले तसे सांगतो. त्याआधी एक खुलासा. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली, तेव्हापासून क्लचचे पेडल नसलेल्या स्वस्त गाड्या आपल्याकडे वाढल्या. त्यांपैकी पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्स आणि क्लच साधेच असतात, फक्त हातापायाचे काम यंत्र करते. आम्ही सांगतो तो प्रकार वेगळा. यात इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून गिअरबॉक्सला मिळते, आणि आत चकत्यांचे अनेक क्लच असतात. इंजिन फिरले की पंप फिरतो, पंप तेल दाबाने ढकलतो, आणि तो दाब चकत्या एकमेकींवर आवळून धरतो. या मुख्य दाबाला लाइन प्रेशर म्हणतात.

विहिरीतून बादली ओढताना काय होते ते आठवा. बादली रिकामी असेल तर हलकी मूठ चालते. भरली की मूठ आवळावी लागते. मूठ सैल राहिली तर दोर सरकतो आणि तळहात सोलून निघतो. चकत्यांचे अगदी तसेच आहे. चढावर, भरल्या गाडीला, जोरात ॲक्सिलरेटर दाबला असता दाब जास्त पाहिजे. सिग्नलला उभे असताना कमी चालतो. दाब कायम जास्तच राहिला तर चकत्या दणकन पकडतात. तोच झटका.

हा दाब कमीजास्त करायचा कोणी? पूर्वी हे काम केबल करीत असे. टोयोटाच्या ए३४०ई या गिअरबॉक्सच्या पहिल्या गाड्यांत गिअर कधी बदलायचा हे कॉम्प्युटर ठरवी, पण दाब मात्र ॲक्सिलरेटरला जोडलेल्या केबलवर चाले. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि केबलवरचा अडसर व बाहेरच्या नळीचे टोक यांतले अंतर पाहायचे, ते ० ते १ मिलिमीटर असले पाहिजे. एका मिलिमीटरचा हिशोब, आणि त्यावर सारा गिअरबॉक्स!

पुढे केबलही गेली. तिच्या जागी प्रेशर सोलेनॉइड आला, म्हणजे विजेवर चालणारा लहानसा व्हॉल्व्ह. ॲक्सिलरेटर किती दाबला, इंजिन किती वेगात आहे, तेल किती गरम आहे हे पाहून कॉम्प्युटर त्याला वीज देतो. आम्हाला नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई या गिअरबॉक्समध्ये, जो १९९३ पासून गाड्यांत आला, सोलेनॉइडला वीज जास्त दिली की दाब कमी होतो. साधारण १.१ अँपिअर दिले की दाब सर्वांत कमी, म्हणजे साठ पौंडांच्या आसपास. वीज अगदी थोडी ठेवली की दाब दीडशेच्याही वर. गाडीच्या टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो, त्यावरून अंदाज यावा. हे उलटे गणित मुद्दाम केलेले आहे. वायर तुटली, वीज गेली, तर दाब पूर्ण चढतो. गाडी झटके देईल, प्रवासी शिव्या देतील, पण चकत्या घसरून जळणार नाहीत. इतरही अनेक कंपन्यांनी हीच रीत धरलेली आहे.

आता मोजणी. मुलाने आधी तेल पाहिले. पातळी बरोबर, रंग लालसर, जळका वास नाही. तो म्हणाला, तेल काळे आणि जळके असते तर मग दाब कितीही नीट करा, चकत्या गेलेल्याच असतात. मग गाडी फिरवून तेल गरम केले. गिअरबॉक्सच्या बाजूला एक लहान बूच असते, ते काढून तेथे गेज लावला. चारी चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, डावा पाय ब्रेकवर घट्ट, समोर कोणालाही उभे राहू दिले नाही. गाडी 'डी'मध्ये टाकून इंजिन संथ ठेवले, मग 'आर'मध्ये. यानंतर ब्रेक तसाच दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन मोजायचे असते, पण पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, नाहीतर तेल उकळल्यासारखे तापते. हे काम घरी कोणी करू नये. ब्रेक सुटला तर माणूस जातो.

संथ इंजिनावर काटा साठ-सत्तरला हवा होता, तो दीडशेच्या पुढे. 'आर'मध्येही चढलेलाच. सगळीकडे दाब जास्त, म्हणजे पंप धडधाकट. दाब कमी करणारी यंत्रणाच काम करीत नव्हती. मग त्याने वायरी धरून शोध सुरू केला, आणि बॅटरीच्या खालच्या बाजूला सोलेनॉइडची वायर सापडली. ॲसिडने खाऊन हिरवे कीट चढलेली, आतून तुटलेली. अशा वेळी डॅशबोर्डवर दिवा लागतो. येथे लागला नव्हता, कारण त्याचा बल्बच गायब. गाडी विकण्यापूर्वी कोणीतरी काढून घेतलेला. असल्या माणसाला काय म्हणावे!

वायर जोडली, कॉम्प्युटरमधली जुनी नोंद पुसली. काटा पासष्टवर आला. फेरी मारली तर गिअर बदलल्याचे कळतही नव्हते. ड्रायव्हर बंधूंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. पण माणसाची हौस पाहा. ते म्हणाले, "अजून थोडं मऊ कर ना रे, गिऱ्हाईक खूश होतं."

मुलाने साफ नकार दिला. "नाही दादा. दाब आणखी उतरवला तर आज तुम्हाला लोण्यासारखी वाटेल, आणि घाटात भरली गाडी नेली की चकत्या सरकतील. सरकल्याचं तुम्हाला कळणारही नाही. चार-सहा महिन्यांनी गिअरबॉक्स खरंच जाईल." काही सोलेनॉइडच्या टोकाला बारीक स्क्रू असतो, तो कारखान्यात मोजून बसवलेला असतो. गेज न लावता तो फिरवून गाडी 'मऊ' करून देणारे मिस्त्री त्याने शारजात पाहिले होते. गिऱ्हाईक हसत जाई आणि रडत परत येई, असे तो सांगत होता.

खर्च झाला तो वायरीचा, तेलाचा, फिल्टरचा आणि मुलाच्या मजुरीचा. मजुरी तो घेत नव्हता, आम्ही घ्यायला लावली. शिकलेल्या हाताला फुकट राबवायची सवय समाजाला लागू नये, हे आमचे ठाम मत आहे. एक लाख चाळीस हजारांचा अर्ज ड्रायव्हर बंधूंनी मागे घेतला आणि टायरसाठी लहान कर्ज मागितले. ते मंजूर झाले.

यावरून प्रत्येक गिअरबॉक्स वायरीने बरा होतो असे कोणी समजू नये. तीन महिन्यांनी दुसऱ्या सभासदाची गाडी आली. तिचा दाब 'डी'मध्ये बरोबर होता आणि फक्त 'आर'मध्ये पडत होता. मुलाने मान हलवली. पंप ठीक, केवळ मागे जाण्याच्या मार्गात कोठेतरी आत तेल गळते आहे, म्हणजे गिअरबॉक्स उघडावाच लागेल. तसे त्याने कागदावर लिहून दिले, 'डी'चे आकडे, 'आर'चे आकडे, तेलाचे तापमान, खाली सही. तो कागद आम्ही अर्जाला टाचला आणि पंचाहत्तर हजार मंजूर केले. गिअरबॉक्स उघडला तेव्हा आतले एक रबरी सील फाटलेले निघाले. त्या कर्जाचे अकरा हप्ते अजून बाकी आहेत, आणि सभासद दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतः येऊन भरून जातात.